मदत हवी आहे: मुलगी जोरात कबड्डी खेळते म्हणून बोलणी खाते

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरकडचे, माझी मुलगी नववीत आहे, लेफ्ट कॉर्नरला, म्हणजे डाव्या टोकाला बचावात खेळते. परवा तिने एका रेडरचा घोटा असा धरला की ती रेडर जागेवरच पडली, पकड नियमात होती, पंचांनी पॉइंट पण दिला, तरी सर म्हणे जरा मुलीसारखं खेळ, आणि तेच सर मुलांना ओरडून सांगतात तोड त्याला! घरी आजी पण, पोरनी जात शे, जपीसन खेय. अहो महिला कबड्डी २०१० पासून एशियन गेम्सला आहे, साक्षी मलिकने २०१६ ला रिओत कुस्तीचं ब्राँझ आणलं ते भिडूनच ना. आता पोरगी पकड करायलाच कचरते, हात पुढे नेते न् मागे घेते, बघवत नाही मला. सरांशी कसं बोलू, म्हणजे तिला टीमबाहेर बसवणार नाहीत? धुळे-जळगावकडे मुलींना चांगला डिफेन्स शिकवणारं कोणी आहे का?