अमेरिकेत राहून अमेरिकाच काय शिकायची?

सदाफुली

गेल्या आठवड्यात 'जुना_पुणेकर' यांनी इथे लिहिलं होतं: "ओळखीतल्या एकांची मुलगी न्यू जर्सीत अमेरिकन स्टडीज घेऊन बी.ए. करतेय. राहत्या घराचा नकाशा लाखो डॉलर देऊन विकत घेण्यातला प्रकार. चार वर्षं आणि आईबापांची पुंजी पाण्यात." त्याखाली 'सहमत'ची रांग लागली. तेव्हा गप्प बसले. पण तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या मुलीने हाच विषय घेतला होता: अमेरिकेचा इतिहास, साहित्य, समाज असं सगळं एकत्र अभ्यासायचं. २०१५ साली पदवी मिळाली. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते, तेव्हा तुमचा राग मला परका नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांना एक वस्ती निवडून ती सगळ्या बाजूंनी वाचायला सांगितली होती: जुनी वर्तमानपत्रं, जनगणना, कोर्टाची कागदपत्रं, दुकानांच्या पाट्या, लोकांच्या मुलाखती. तिने जर्सी सिटी घेतलं. एका रात्री फोन आला, "आई, १९८७ मध्ये तू कुठे राहायचीस?" मी म्हटलं, तिथेच. ती म्हणाली, "मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

ज्यांना आठवत असेल त्यांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात 'डॉटबस्टर्स' (डॉट म्हणजे आपली टिकली) म्हणवणाऱ्यांचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, भारतीयांना या शहरातून हाकलू म्हणून. फोनच्या पुस्तकात पटेल हे नाव बघून घरं शोधतो, असंही त्यात होतं. सप्टेंबरात होबोकेनला एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो वाचला नाही. मी पाथ ट्रेनने मॅनहॅटनला कामाला जायचे. घरातून निघताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायचे, ऑफिसच्या बाथरूममध्ये परत लावायचे. पुढे पुढे परत लावायचीही राहिली. हे मी आईलासुद्धा पत्रात कळवलं नव्हतं. मुलीने ते माझ्याकडून दीड तास रेकॉर्ड करून घेतलं.

आणि नकाशाचं म्हणाल तर तोही तिनेच दाखवला. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढून मोहल्ल्यांना रंग दिले होते. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल, नव्या स्थलांतरितांच्याही पुष्कळ. आम्हाला जी खोली स्वस्तात मिळाली ती गल्ली त्या नकाशात लालच होती. भाडं कमी का होतं, हे मला तीस वर्षांनी कळलं. म्हणून म्हणते, राहत्या घराचा नकाशा माझ्याकडे नव्हता.

जुना_पुणेकर

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण माझा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशोबाचा होता.

माझा पुतण्या एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तिकडे गेला. असा विषय घेऊन पदवी घेतली तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, बारा महिने. कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्स घेतलं तर वर आणखी चोवीस महिने. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत एकदाच प्रयत्न करायला मिळणं आणि तीनदा मिळणं, यात आयुष्याचा फरक आहे. घर गहाण टाकून पोराला पाठवणाऱ्या बापाला तुम्ही काय सांगणार? टिकलीची गोष्ट?

शिवाय हे सगळं घरी बसून वाचता येतं. वाचनालय फुकट आहे. पदवी कशाला?

उंबरठा

पुणेकरांच्या व्हिसाच्या मुद्द्याशी सहमत, 'पुंजी पाण्यात'शी नाही.

आम्ही बे एरियात. मुलाला कॉम्प्युटर सायन्सच घ्यायला लावलं. त्याला इतिहास आवडायचा, मीच म्हटलं तो छंद म्हणून ठेव. पदवीनंतर दीड वर्षात कंपनीने एका ईमेलवर काढलं. नऊ महिने घरी होता. रोज सकाळी दार बंद करून बसायचा. तेव्हा कुणी 'पुंजी पाण्यात' म्हणालं नाही, 'मार्केट वाईट आहे' म्हणाले. एकाच नुकसानीला विषय बघून दोन नावं द्यायची, हे मला खटकतं.

पण सदाफुलीताई, तुमची मुलगी पुढे काय करते ते तुम्हीही लिहिलं नाहीत. तेही सांगा.

सदाफुली

सांगते, लपवायचं काही नाही. पहिली दोन वर्षं एका छोट्या संग्रहालयात होती. पगारात भाडंसुद्धा निघत नव्हतं, आम्ही पैसे पाठवत होतो. मग लॉ स्कूलला गेली. तिकडे लॉसाठी अमुकच विषयाची पदवी लागते असं नाही. आज घरभाड्याच्या खटल्यांत गरिबांच्या बाजूने उभी राहते. इंजिनिअरच्या निम्मा पगार. कर्ज अजून फिटतंय.

जुना_पुणेकर

म्हणजे पोट भरलं ते वकिलीच्या पदवीने. माझं म्हणणं तेच होतं.

निवांत_मास्तर

हिशोबाची चर्चा चालू द्या. मला वेगळीच खंत आहे. हा विषय मुळात शीतयुद्धाचं अपत्य आहे, हे कुणी बोलतच नाही. तिकडच्या विद्यापीठांत तो १९३० च्या दशकात उभा राहिला हे खरं, त्या विषयाची संघटना १९५१ सालची. पण जगभर पसरला तो अमेरिकी सरकारच्या पैशाने आणि मतलबाने. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं ते उगाच नाही.

मी मराठवाड्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. १९८४ च्या मे महिन्यात तिथे पंधरा दिवस राहिलो होतो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला पावसाळ्यात गळती, आणि तिथे आशियात मोजक्या ठिकाणी असेल एवढा अमेरिकेवरचा संग्रह. मागाल ते पुस्तक टेबलावर. मी अधाशासारखा वाचत होतो, आणि दर रात्री मनात यायचं की हे आपल्याला का देतायत? शीतयुद्ध संपल्यावर पैसा आटला, पुढे केंद्राचं नावही बदललं. उत्तर मिळालं मला.

मुलीने अमेरिकेचे दोष शिकले म्हणून विषय निर्दोष ठरत नाही.

पानगळ

मास्तर, थोडं अवांतर, पण तुमच्याच मुद्द्याची दुसरी बाजू. तो पैसा कुठून आला हे आमच्या पिढीला जिभेवर आठवतं. पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेला गहू आणि रेशनची लाल मिलो ज्वारी. आई भाकरी थापायची तर ती तव्यावर जायच्या आधीच तुटायची. त्या धान्याचे पैसे आपण रुपयांत दिले आणि ते रुपये अमेरिकेने इथेच खर्च केले. त्यातला एक भाग पुस्तकांवर. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीचं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यात मराठीही.

आता माझी गोष्ट. आजोबांनी ऊसशेतीवर एक पुस्तक लिहून पदरमोड करून छापलं होतं. आमच्या घरातली प्रत पुरात गेली. जिल्ह्याच्या गावच्या वाचनालयात विचारलं तर कपाट वाळवीने खाल्लेलं. २०११ साली मुलाकडे शिकागोला गेलो होतो. सुनेने विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहज नाव घालून शोधलं. होतं! कापडी बांधणीत. आत आजोबांचं नाव. मी तिथल्या खुर्चीवर बसून रडलो, ते सांगायची लाज नाही.

मिलोची भाकरी आम्ही खाल्ली म्हणून आजोबांचं पुस्तक टिकलं. याला मतलब म्हणा, पण वाळवीला काय म्हणायचं?

निवांत_मास्तर

वाळवीला आपला करंटेपणा म्हणायचं. पण म्हणून ज्यांनी आपल्याच रुपयांनी आपली पुस्तकं नेली त्यांचे उपकार मानायचे? संशोधकाने मराठीवर काम करायला शिकागो नाही तर पेनसिल्व्हेनियाला जायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? अमेरिकनांनी आमचा अभ्यास करायचा, आम्ही त्यांच्या पदव्या मिरवायच्या. आमच्या विद्यापीठांत बी.ए.ला 'महाराष्ट्र' नावाचा एक सलग विषय घेता येतो का? इतिहास एका इमारतीत, मराठी दुसरीत, लोककला तिसरीत, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

वाळवा_तालुका

मास्तर, सगळ्या अमेरिकनांना एका दावणीला बांधू नका. गेल ऑम्वेट मिनेसोटाच्या. बर्कलीला पीएच.डी. केली ती सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर. १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि आमच्या कासेगावात राहिल्या. २०२१ साली तिथेच गेल्या. परित्यक्ता बायकांच्या मोर्चात माझी आत्या त्यांच्या शेजारून चालली होती. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती म्हणायची, "बाई माझं ऐकत्यात आणि लिहून घेत्यात, आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं." नेणारे असतात तसे राहणारेही असतात.

आणि अमेरिकेचा अभ्यास आपल्याकडे हैदराबादेत सुरू झाला हेही बरोबर नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली? गुलामी मोडणाऱ्या युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. तिकडे गुलामी संपून आठ वर्षं झाली होती फक्त. पुण्यात बसून त्यांनी तो देश स्वतःच्या गरजेसाठी वाचला. कुठल्या सरकारचा पैसा होता त्यात?

सदाफुली

अगदी हेच. आणि पंडिता रमाबाई! आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, अडीचेक वर्षं तो देश हिंडल्या आणि १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. राज्यव्यवस्था, शाळा, बायकांच्या संस्था, घरं, हवा. कौतुकही केलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना कसं वागवतात तेही लिहिलं. माझ्या मुलीला जे शिकवलं ते याहून वेगळं काय होतं? एक समाज सगळ्या बाजूंनी बघायचा. ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे आणि आपणच तिला वेडेपणा म्हणतोय.

जुना_पुणेकर

रमाबाई, जोतीराव, सगळे थोर. पण त्यांनी यासाठी कुणाला फी भरली नव्हती! मुद्दा पदवीचा आहे, तो सोडून तुम्ही पार वाळवीपर्यंत गेलात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, दोन पगारांच्या लोकांनी इथल्या मध्यमवर्गाला शिकवू नये. तुमच्या मुलीला घरून पैसे पाठवणारं कुणी होतं. सगळ्यांना नसतं.

सदाफुली

दोन पगार? माझे यजमान १९९६ साली गेले. एकटीने वाढवलंय तिला, एका पगारावर, तेही तिकडच्या सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशाची सवलत घेऊन. माहीत नसताना माणसाच्या घरात शिरू नका.

आणि आता स्पष्टच बोलते. आपण 'आपल्या हुशारीवर' अमेरिकेत आलो असं समजतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला लागले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. त्यांनी स्वतःचा खटला लढवून जिंकला. १९४६ साली दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. खरं उघडलं ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचा कायदा झाला होता. एकाच लाटेतले हे दोन कायदे. ज्यांनी मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्मात लाठ्या खाल्ल्या त्यांनी आपल्यासाठी वाट केली, आणि आपण आपल्या पार्ट्यांत त्यांच्याबद्दल काय बोलतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीही बोललेय. मुलीने मला थांबवलं, तारखा सांगून. हे वाचनालयात फुकट मिळतं हे खरं. पण अठ्ठावीस वर्षं मी त्या वाचनालयासमोरून जात होते, मला कुणी हे पुस्तक काढ म्हणून सांगितलं नव्हतं.

उंबरठा

माझ्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही. मलाही १९६५ चं आत्ता कळलं.

जुना_पुणेकर

यजमानांबद्दल माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो, क्षमस्व.

बाकी मत कायम. व्हिसावर जाणाऱ्याने हा विषय घेऊ नये, कर्ज काढून तर नाहीच. ज्यांचा जन्म तिकडचा आणि राज्याची सवलत आहे, त्यांच्याबद्दल घाईने लिहिलं एवढं कबूल.

निवांत_मास्तर

मीही शीतयुद्धाचा मुद्दा सोडत नाही. वाळवा, तुमच्या जोतीरावांच्या दाखल्याला मात्र उत्तर नाही माझ्याकडे. आणि पानगळ, आजोबांच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती का? आमच्याकडे एकजण जुन्या ऊसशेतीवर काम करतोय, त्याला कुठेच मिळत नाहीये.

पानगळ

आणली आहे. दोनशे बारा पानं. व्यक्तिगत निरोप टाका, पाठवतो.