जामीनदाराची सही घेण्याआधी त्याला त्याचा स्वतःचा वकील भेटलाच पाहिजे

बोरीकाठ, अमळनेर

इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात एखाद्या आईने मुलाच्या धंद्यासाठी घर तारण द्यायचं ठरवलं, तर बँकच तिला सांगते: आधी स्वतःचा वकील गाठा. तो बँकेचा नको, मुलाचाही नको. त्याचं पत्र आणा, मग सही घेऊ. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही बघा. जामीनदाराला बोलावलं जातं, फुल्या मारलेल्या जागी तो सह्या करत सुटतो आणि घरी जातो. कागदात काय होतं हे पहिली नोटीस आल्यावर कळतं.

माझं मत असं की दुसऱ्याच्या कर्जासाठी घर, प्लॉट किंवा गाळा तारण देणाऱ्याची, वैयक्तिक हमी देणाऱ्याची सही स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये. बँकेनेच हे बंधनकारक करावं, कारण त्यात तिचंही भलं आहे.

तिकडच्या बँका हे दयेपोटी करत नाहीत, कोर्टात हरून शिकल्या आहेत. १९८३ चा ऑस्ट्रेलियातला अमादिओ खटला घ्या. इटलीहून तिकडे गेलेलं वयस्कर जोडपं, इंग्रजी जेमतेम. मुलाच्या बांधकाम कंपनीसाठी त्यांनी मालमत्ता गहाण दिली. मुलाने सांगितलं होतं की हमी पन्नास हजार डॉलरपुरती आणि सहाच महिन्यांची आहे. कागदात मर्यादा नव्हतीच, आणि कंपनी अडचणीत आहे हे बँकेच्या मॅनेजरला माहीत होतं. तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने तो व्यवहार रद्द केला. पुढे २००१ मध्ये इंग्लंडमध्ये एट्रिज खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, रीतच घालून दिली. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जाला बायको जामीन राहत असेल तर बँकेने थेट तिच्याशी संपर्क साधायचा, तिच्या वकिलाला कर्जाची खरी परिस्थिती कळवायची, आणि त्याने नवरा समोर नसताना, साध्या भाषेत, तिला धोका समजावायचा. सही न करण्याचा पर्याय आहे हेसुद्धा सांगायचं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं म्हणायची सोय नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच हे स्पष्ट केलं. आपल्या भागात मात्र अजूनही 'सही फक्त नावापुरती आहे' असं सांगूनच जामीनदार आणला जातो.

आणि घरच का मागतात, हेही समजून घ्या. बँकेला कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. केळीचा मळा तारण असला तरी बँकेला तो कोर्टाबाहेर थेट विकता येत नाही. घर, एनए (बिगरशेती) प्लॉट, दुकान मात्र ६० दिवसांच्या नोटिशीनंतर ताब्यात घेता येतं. म्हणून नजर जाते आईच्या नावावरच्या घरावर. त्यातून २०२१ पासून राज्यात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे बायकांच्या नावावर घरं वाढली. ही चांगलीच गोष्ट. पण तेच घर धंद्याच्या सीसीला (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) लावायची वेळ येते तेव्हा तिच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं.

माजी शाखाधिकारी, चोपडा

बोरीकाठ भाऊ, तळमळ पटली, उपाय पटला नाही. माझं नोकरीचं आयुष्य शाखेत गेलं. जामीनदाराला काही कळत नसतं हे खरं नाही. 'तो बुडाला तर मला भरावं लागेल' एवढं प्रत्येकाला कळतं, फक्त तो बुडणार नाही असा विश्वास असतो. हा विश्वास वकील कसा तपासणार?

दुसरं, मे-जूनमध्ये बी-बियाण्याची, खताची घाई असते, तेव्हा शाखेत पाय ठेवायला जागा नसते. त्यात प्रत्येक जामीनदाराने वकील गाठायचा, फी भरायची, पत्र आणायचं म्हटलं तर माणूस सरळ सावकाराकडे जाईल, आणि तिथे कोणता वकील बसलाय? शिवाय कागदांच्या बाबतीत आपण मागे नाही. कर्जाच्या कागदांची प्रत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जांना मुख्य अटींचं वेगळं विवरणपत्रही द्यावं लागतं. आणि बँकेच्या पॅनलवरचे वकील सगळे कागद बघतातच.

यावलची लेक

काका, ती प्रत आणि ते विवरणपत्र कर्जदारासाठी आहे, जामीनदारासाठी नाही. आणि पॅनलचा वकील बघतो ते काय? मालकी निर्वेध आहे का, आधीचा बोजा आहे का, उद्या विकायची वेळ आली तर विकता येईल का. त्याचा सर्च रिपोर्ट बँकेला जातो. ज्या बाईचं घर आहे तिला तो एक शब्द सांगायला बांधील नाही. तरी घरोघरी सांगतात, 'वकिलाने बघितलंय, कर सही.'

नवरा, सासरे आणि साहेब अशा तिघांसमोर टेबलावर कागद सरकवल्यावर 'मला विचार करू द्या' असं म्हणून दाखवा कोणीतरी. बंद खोलीत एकटीला अर्धा तास मिळाला तरी खूप आहे.

आबा, पारोळा

आपला मानूसले नही कसं म्हनानं? वकील नही म्हनी ऱ्हायना, अस तरी सांगता येस. मना पाठिंबा.

दालमिल, जळगाव

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी माझ्या कंपनीचा संचालक आहे, कर्ज मलाच हवंय, हमीही मीच देतो. मला वेगळा वकील कशाला? आमच्या एमआयडीसीत व्यापारी एकमेकांना जामीन राहतात, तेही डोळे उघडे ठेवून.

आणि एक पळवाट सांगतो. हा नियम झालाच तर बँका जामीनदार करणंच बंद करतील आणि बायकोला सहकर्जदार करून टाकतील. पैसा नवऱ्याच्या खात्यात, सही दोघांची. सहकर्जदाराला 'मी तिऱ्हाईत आहे' असं म्हणता येत नाही. मग काय कराल?

बोरीकाठ, अमळनेर

दालमिल भाऊ, संचालकाचं मान्य. ज्याला कर्जाचा फायदा आहे तो धोका ओळखूनच येतो. सहकर्जदाराचा मुद्दा पक्का आहे. एट्रिजमध्येही दोघांच्या नावे दिलेल्या कर्जाला ही रीत सरसकट लावलेली नाही, पैसा खरं तर नवऱ्याच्याच कामासाठी आहे हे बँकेला माहीत असेल तरच लागते. म्हणून पैसा कोणाच्या कामाला गेला हे बघावं, फॉर्मवर कोणाला काय म्हटलंय ते नाही. मंजुरीच्या प्रस्तावात कर्जाचा हेतू लिहिलेला असतोच, तेव्हा हे तपासणं अवघड नाही.

वकीलताई, धुळे

मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे, आणि वकील असूनही नाही, वकील आहे म्हणूनच.

आज एखादी निरक्षर आई कोर्टात येते तेव्हा तिच्या हातात दोन-तीन गोष्टी असतात. करार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अनुचित प्रभाव. कलम १४२ आणि १४३ प्रमाणे खोटं सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून घेतलेली हमी अवैध. शिवाय पडदानशीन, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या, स्त्रियांबाबत आपल्या कोर्टांनी जुन्या काळापासून धरलेलं तत्त्व निरक्षर बायकांनाही लावलं गेलंय: कागद तिला वाचून दाखवला, तिला तो समजला, हे सिद्ध करायचं ओझं कागदावर हक्क सांगणाऱ्याचं. आता तिच्याच नावाने 'मी स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतला, मला सर्व समजले' असं पत्र फाइलला लागलं, की हे सगळे दरवाजे एकदम बंद. बँक सुटली. एट्रिजनंतर इंग्लंडमध्ये बऱ्याच वेळा हेच झालं. सल्ला कच्चा असेल तर बाईने वकिलावर दावा लावायचा, बँकेचं गहाण शाबूत.

आणि ते पत्र आपल्याकडे कसं मिळेल? कोर्टाच्या आवारात स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलाशेजारी. कर्जदारच सासूला घेऊन येईल, फी तोच देईल, मजकूर छापील असेल. नोटरीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. माणूस समोर नसताना शिक्के बसतात. बँका जिथे हा सल्ला मागतात तिथे मुख्यतः स्वतःचा कागद पक्का करायला मागतात. तो तुम्ही जामीनदाराचं संरक्षण म्हणून मागून घेताय, याची मला भीती वाटते.

बोरीकाठ, अमळनेर

ताई, धाग्यातला सगळ्यात जड मुद्दा तुमचा आहे, त्यामुळे त्याला बगल देणार नाही.

बँक स्वतःसाठी मागते हे मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंय. पण कोर्टात बचाव शिल्लक राहावा म्हणून तिला अंधारात सही करू द्यायची, हे मला पटत नाही. तो बचाव किती जणींच्या कामी येतो? आमच्या तालुक्यात एका कापूस व्यापाऱ्याच्या सीसीला त्याच्या विधवा बहिणीचं घर लावलं होतं. मूळ हमी तिला माहीत होती. नंतर कर्जाची मर्यादा दोनदा वाढली, रिन्युअलच्या गठ्ठ्यात तिच्या सह्या घेतल्या. कलम १३३ सांगतं की जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारातून तो सुटतो. पण छापील फॉर्ममध्ये हा हक्क आधीच सोडून दिलेला होता. घर गेल्यावर तिला हे कळलं. सहीच्या आधी कोणी एवढंच सांगितलं असतं की 'कागदात रक्कम लिहून घ्या, आत्ताची आणि पुढची सर्व देणी हे शब्द काढायला लावा', तर ती कोर्टाची पायरी चढलीच नसती. कलम १२८ मध्येच 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' असं आहे. म्हणजे मर्यादा घालता येते. सांगणारा हवा.

शिक्क्याची भीती खरी आहे. म्हणून नुसतं पत्र मला नकोच. वकील जामीनदाराने निवडायचा. बँकेने त्याला आधी लेखी कळवायचं: कर्ज किती, आधीची थकबाकी किती, खातं कधी अनियमित झालं होतं का, मर्यादा वाढणार आहे का. ही माहिती नसेल तर सल्ला देणारा देणार तरी काय? आणि वकिलाने सल्ल्याचा मजकूर मराठीत लिहून जामीनदाराकडे द्यायचा. त्याला बरं वाटावं म्हणून अहिराणीत बोलला तर अजून चांगलं.

गुरुजी, शहादा

आमचं दुखणं वेगळं. शाळेतल्या सहकाऱ्याला पतसंस्थेचं कर्ज हवं असतं, तारण काही नसतं, दोन पगारदार जामीनदार लागतात. तो भरेनासा झाला की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला तिघांवर निघतो आणि कपात आमच्या पगारातून सुरू होते. तरीही मी वकील सक्तीचा करा असं म्हणणार नाही. लहान कर्जाला वकिलाची फी परवडत नाही, आणि जामिनावरच तर ज्याच्याकडे काही नाही त्याला कर्ज मिळतं. घर किंवा दुकान लागत असेल तिथे सक्ती करा. बाकीच्यांना निदान मराठीत एक पान द्या: किती रक्कम, किती काळ, थकलं तर काय.

यावलची लेक

फीबद्दल एक सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा आहे, आणि 'सेवा' यात नुसता खटला नाही, कायदेशीर सल्लाही येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही तसंच. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते. शहादा, अक्कलकुवा, धडगावच्या बायकांना फीचं कारण सांगून परत पाठवायची गरज नाही. कर्जदाराच्या खिशातून फी जाणार नाही, म्हणजे वकीलताईंची ती शंकाही कमी होते.

वकीलताई, धुळे

बायकांपुरतं मान्य. पण तिथेही आधी माहिती बँकेने द्यायला हवी, नाहीतर समितीचा वकील कोरा फॉर्म बघून काय सांगणार? बँकेने थकबाकीची माहिती दिली नाही तर हमी लागू होणार नाही, असं नियमात असेल तर मी पाठिंबा देईन. तेवढं नसेल तर विरोध कायम.

माजी शाखाधिकारी, चोपडा

इथे मी अडतो. कर्जदाराच्या खात्याची माहिती गुप्त असते. त्याच्या लेखी संमतीशिवाय ती जामीनदाराच्या वकिलाला देता येत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

मग संमती अर्जातच घ्या, काका. ज्याला स्वतःच्या खात्याची स्थिती बहिणीपासून लपवायची आहे, त्याने तिचं घर मागू नये.

माजी शाखाधिकारी, चोपडा

अर्जात संमतीचा रकाना घालता येईल, हे मान्य. घर तारण असलेल्या कर्जांपुरतं आणि पीककर्ज वगळून असेल तर माझा विरोध मागे. पण दरवर्षीच्या रिन्युअलला पुन्हा वकील नको, मर्यादा वाढली तरच.

विचारणारा, शिरपूर

पुढच्या आठवड्यात साडूच्या सीसीला माझा गाळा लागतोय. नियम होईल तेव्हा होईल, आत्ता मी काय विचारू?

वकीलताई, धुळे

सहीच्या आधी सगळ्या कागदांची कोरी प्रत घरी न्या. हमीत रकमेचा आकडा आहे का बघा, नसेल तर लिहायला लावा. 'चालू हमी', म्हणजे पुढच्या व्यवहारांनाही लागू राहणारी हमी, असेल तर त्या पुढच्या व्यवहारांपुरती ती हमी नोटीस देऊन मागे घेण्याचा कलम १३० चा हक्क फॉर्ममध्ये सोडलाय का ते तपासा. साडूकडून गेल्या वर्षाचा खातेउतारा मागा. तो द्यायला कां-कूं करत असेल तर गाळा देऊ नका. आणि हे सगळं साडूच्या वकिलाला नाही, दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.