स्टिमॅक स्वतः बॅक म्हणून कसा खेळायचा? आणि मग आपल्या टीमचं असं का झालं?

पेठेतला स्टॉपर
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, तालमीच्या टीमकडून स्टॉपर, म्हणजे मधला बॅक (डिफेंडर) खेळतो. काल घरात बाबांशी इगोर स्टिमॅकवरनं वाद झाला. मी त्याला ओळखतो ते फक्त भारताचा माजी कोच म्हणून, म्हणजे 2023 च्या सॅफला (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) पाकिस्तानचा प्लेअर थ्रो घ्यायला लागला तर याने त्याच्या हातातला बॉल उडवला आणि रेड कार्ड घेतलं, तोच माणूस. बाबा म्हणतात अरे 98 च्या वर्ल्ड कपला क्रोएशिया तिसरी आली त्या टीमचा बॅक होता तो, तुला काय ठाऊक. मग मला प्रश्न असा पडला की एवढा तगडा बॅक जर होता तर एशियन कपला आपण एकसुद्धा गोल न मारता परत कसे आलो? बॅक खेळलेला माणूस कोच झाला की टीम गोल मारायची विसरते असं काही असतं का? जुन्या लोकांनी जरा सांगा, मला पुढं कोचिंगचं लायसन्स करायचंय म्हणून विचारतोय.

दादरचा म्हातारा
बाबा बरोबर आहेत तुझे. 1987 ला चिलीत ज्युनियर वर्ल्ड कप युगोस्लाव्हियाने जिंकला, त्यात शुकर, बोबान, प्रोसिनेच्की आणि हा. क्लब म्हणशील तर हायदुक स्प्लिट, मग स्पेनमध्ये कादिझ, आणि 1995 ला डर्बी काउंटी. डर्बीची गोष्ट मला फार आवडते, पहिल्याच मॅचला ट्रॅनमियरने 5-1 धुतलं, त्यातला डर्बीचा एकमेव गोल यानेच मारला, आणि त्यानंतर लीगच्या सलग 20 मॅचेस टीम हरली नाही, सीझन संपताना थेट प्रीमियर लीगमध्ये. नवा बॅक आला आणि सगळ्या टीमला धीर आला असं झालं ते. नंतर वेस्ट हॅम. क्रोएशियासाठी 53 मॅचेस.
98 ला मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. क्रोएशियाचा कोच ब्लाझेविच तीन बॅक खेळवायचा, त्यात हा आणि बिलिच. जर्मनीला 3-0 हरवलं होतं बाळा, जर्मनीला! सेमीफायनलला फ्रान्सकडून 2-1 हरले, आणि ते दोन्ही गोल थुरामचे, तोही बॅकच, आणि फ्रान्ससाठी अख्ख्या करिअरमध्ये त्याचे तेवढे दोनच गोल. अजून चुटपुट लागते मला.

ऑफसाइड ट्रॅप
काकांचं सगळं बरोबर पण प्रश्न कोचचा आहे. बिलिच 2006 ते 2012 क्रोएशियाचा कोच होता आणि त्याच्या जागी आला स्टिमॅक, म्हणजे एकाच डिफेन्समधले दोघं लागोपाठ. 2014 वर्ल्ड कपच्या क्वालिफायर्समध्ये पहिल्या सहा मॅचेसमध्ये पाच विजय, एक ड्रॉ, 16 पॉइंट. पुढच्या चार मॅचेसमध्ये फक्त 1 पॉइंट. स्कॉटलंड तर घरी येऊनही जिंकलं आणि तिकडेही, आणि ऑक्टोबर 2013 ला याला काढलं. प्ले-ऑफ नवा कोच निको कोवाचने जिंकून दिला.
त्याच क्वालिफायर्समध्ये मार्च 2013 ला झाग्रेबला सर्बिया आली होती आणि त्यांचा कोच मिहायलोविच, तोही बॅक. हे दोघं 1991 च्या युगोस्लाव्ह कप फायनलमध्ये बेलग्रेडला एकमेकांना भिडले होते, स्टिमॅक हायदुककडून आणि मिहायलोविच रेड स्टारकडून, दोघांनाही रेड, देश फुटायच्या तोंडावर होता तेव्हा. हायदुकने 1-0 ने कप नेला. बावीस वर्षांनी दोघं कोच म्हणून समोरासमोर आले, हात मिळवला, आणि क्रोएशिया 2-0 जिंकली. मला वाटतं स्टिमॅकच्या कोचिंगमधला सगळ्यात मोठा दिवस तोच.
आता आपलं. 2023 ला मार्च ते जून सलग आठ मॅचेस आपण गोल खाल्ला नाही, नवव्या मॅचला कुवेतविरुद्ध शेवटच्या मिनिटांत आपल्याच अन्वरचा सेल्फ गोल झाला तेव्हा ती साखळी तुटली. हे बॅक कोचचं काम नाही तर काय? पण नोव्हेंबरमध्ये कुवेतला जाऊन जिंकलो आणि त्यानंतरच्या सात मॅचेसमध्ये आपला एकच गोल, तोही छेत्रीची पेनल्टी. दोन्हीकडे तेच, सुरुवातीला घट्ट बसवतो आणि मग पुढचं दार उघडत नाही.

फातोर्डा कट्टा
सगळं त्याच्यावर ढकलू नका हो. कॅम्पसाठी दिवस मागून मागून थकला तो, क्लब सोडायला तयार नसायचे, एशियन कपआधी किती थोडे दिवस मिळाले ते आठवा. आणि शेवटची कतारची मॅच, बॉल लाइनच्या बाहेर गेलेला सगळ्या जगाने बघितला तरी गोल दिला. त्याचा मला आजही राग येतो.
दुसरं म्हणजे सॅफची गोष्ट अर्धीच सांगितली तुम्ही. पाकिस्तानविरुद्ध रेड, मग कुवेतविरुद्ध परत रेड, त्यामुळे सेमी आणि फायनल दोन्हीला टचलाइनवर आमचा गोंयकार महेश गवळी उभा होता. तोसुद्धा स्टॉपरच! गोव्याच्या डेम्पो क्लबकडून समीर नाईकच्या बाजूला खेळायचा तेव्हा आम्ही फातोर्डा स्टेडियमला जायचो, ओरडाआरडा नाही, बॉल कुठे पडणार ते त्याला आधी कळायचं. लेबनॉन पेनल्टीवर, कुवेत पेनल्टीवर, कप आपला. पोरा तुला लायसन्स करायचंय ना, मग गवळीकडे बघ.

पेठेतला स्टॉपर
गवळी सरांचं मला खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद दादा. म्हणजे मी असं समजू का की मागचा डिफेन्स घट्ट बसवायला स्टिमॅकला येतं पण पुढं काय करायचं ते शिकवायला दुसरा माणूस लागतो? आमच्याकडं पण तसंच होतं, 0-0 चालू असतं आणि मी नुसता मागनं ओरडत असतो.

ऑफसाइड ट्रॅप
मला तरी तसं वाटतं. कतारविरुद्धच्या त्या शेवटच्या मॅचला आपल्या छांगतेने गोल मारला तोपर्यंत खुल्या खेळातून गोल कसा असतो हेच आपण विसरलो होतो. जर्मनीवाली ती मॅच शोधून बघ एकदा, पण बॉलकडे बघू नकोस, बॉल तिकडच्या हाफमध्ये असताना क्रोएशियाचे तीन बॅक किती वर येऊन उभे राहतात तेवढंच बघ.

दादरचा म्हातारा
आणि बाबांना घेऊन बसून बघ. पहिला गोल यार्नीचा आहे, लेफ्टवरून, हाफटाइमच्या अगदी तोंडावर.