वर पाणी, खाली शेत: कोरियनमधलं हे चिनी अक्षर आलं कुठून?

ऐरोलीची_लेक
वर्षभर कोरियन शिकतेय. काल तिकडच्या जमिनीच्या एका नकाशात ‘दाप’ असा शेरा दिसला. शब्दकोशात त्याचं चिनी अक्षर बघितलं तर वर पाणी, खाली आत अधिकचं चिन्ह असलेला चौकोन, म्हणजे शेत. अर्थ भातशेत. चिनी शिकणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, तर तिने ते कधी पाहिलेलंच नाही! आणि नुसत्या ‘शेत’ अक्षराने भागत नव्हतं का?

घणसोलीकर
ताई, मैत्रिणीचं बरोबर आहे. हे अक्षर कोरियातच घडलंय. अशा अक्षरांना तिथे ‘गुक्जा’ म्हणतात. चिनीत भातशेताला ‘पाणी’ आणि ‘शेत’ अशी दोन अक्षरं लागतात. उभ्या ओळीत ती एकाखाली एक येतात, ती जोडून एकच झालं. कोरियातल्या जुन्या शिल्ला राज्याच्या चिनहुंग राजाचा इ. स. 561 चा शिलालेख आहे, त्यातही ते सापडतं.

भागत का नव्हतं, हे आमच्या सातबाऱ्यावरून सांगतो. त्यावर ‘तरी’ वेगळी, ‘वरकस’ वेगळी. तरी म्हणजे खाडीकडची बांध घातलेली भाताची खाचरं. वरकस डोंगराच्या अंगाला, तिथे नाचणी नाहीतर वरी. कोरियात नुसतं ‘शेत’ अक्षर म्हणजे कोरडी जमीन, आपली वरकस. भाताला हे ‘दाप’. जपानमध्ये नेमकं उलटं. तिथे ‘शेत’ म्हणजेच भातशेत, कोरड्यासाठी त्यांनी नवीन अक्षर केलं: आग आणि शेत.

माझी आजी जपान्यांसारखी बोलायची. ‘शेतान जाते’ म्हणाली की खाचरातच. वरकसात जाताना ‘डोंगरान जाते’. पण कागदावर दोन्ही वेगळी दाखवावीच लागतात. पीक वेगळं, सारा वेगळा.

कळवा_खाडी
उच्चाराचं राहिलं. ‘दाप’ असाच उच्चार असलेलं एक जुनं चिनी अक्षर आहे, त्यातही वर पाणीच. दिसायला जवळचं, म्हणून उच्चार तिथून घेतला असं एक मत आहे. कोरियन माणूस अक्षराचं नाव सांगताना आधी देशी अर्थ, मग उच्चार सांगतो: ‘नोन दाप’. नोन म्हणजे भातखाचर.

ऐरोलीची_लेक
किती छान! जपानी अक्षरातली आग म्हणजे आपण राब भाजतो तशी का?

घणसोलीकर
नाही हो. राब आपण भाताच्या रोपासाठी भाजतो. ती आग रान जाळून केलेल्या कोरड्या शेताची, असं सांगतात.