मदत हवी आहे: दान पेट्रेस्कूची विजेतेपदं मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. रुमानियाचा माजी फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक दान पेट्रेस्कू याचा कारकीर्द-तक्ता मराठीत तयार करतोय. खेळाडू म्हणूनची बाजू सोपी आहे: उजवा बचावपटू, देशासाठी ९५ सामने, १२ गोल. १९९८च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला केलेला विजयी गोल त्यातलाच. बचावपटूच्या नावावर १२ गोल बघून दचकू नका. तो सतत वर चढून खेळायचा, चेल्सीत तर बहुतेकदा विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारा) म्हणूनच.

अडतंय ते प्रशिक्षकाच्या रकान्यात. २००८-०९ला उर्झिचेनीसारख्या छोट्या गावाच्या उनिरेआ या क्लबला त्याने रुमानियाची लीग जिंकून दिली. माझ्या मते त्याचं सर्वात मोठं काम हेच. त्यात वाद नाही. पण चेफेरे क्लुज या क्लबचं २०१८-१९चं विजेतेपद? हंगाम सुरू केला दुसऱ्यांनी, पेट्रेस्कू परतला मार्च २०१९मध्ये. त्या हंगामात लीगच्या २६ फेऱ्यांनंतर सगळ्यांचे गुण निम्मे झाले (अर्धा गुण वर धरायचे, म्हणजे ५७चे २९) आणि पहिले सहा संघ आणखी १० सामने खेळले. म्हणजे निर्णायक टप्पा त्याचाच, पण पाया दुसऱ्यांचा.

तर दोन प्रश्न:
१. अशा हंगामाचं श्रेय शेवटच्या प्रशिक्षकाला पूर्ण द्यावं, की तळटीप टाकून विभागून?
२. गुणांच्या रकान्यात निम्मे करण्याआधीचे आकडे लिहावेत की नंतरचे? दोन्ही मिसळले की बेरीज चुकते, म्हणून आधीच ठरवायचंय.

रुमानियन लीग नियमित बघणाऱ्यांनी कृपया सांगा.