बंदी, मोड, गड्डी, हाली: तुमच्याकडं नोटांना काय म्हणतात?

दुकानात, मोंढ्यात (धान्यबाजारात), बँकेत नोटांसाठी कोणते शब्द चालतात आणि घोळ कुठं होतो, ते नेमकं लिहा.

आडत दुकान, लातूर
भाव बोलताना 'हजार' कुणी म्हणत नाही. "सोयाबीन साडेचार" म्हणजे क्विंटलला ४,५०० रुपये. सव्वाचार ४,२५०, पावणेपाच ४,७५०. पट्टीवर (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबावर) मात्र पूर्ण आकडा हवाच.
रोखीत शब्द चालतो गड्डी. गड्डीत शंभर नोटा, मग नोट कोणतीही असो. पाचशेची गड्डी पन्नास हजारांची, दोनशेची वीस, शंभराची दहा. म्हणून "दोन गड्ड्या दिल्या" एवढंच बोलू नका, "पाचशेच्या दोन" म्हणा. गड्डीला कागदी पट्टा असला तरी मोजा, आणि दोन्ही टोकांनी मोजा. दुमडलेली नोट एका टोकानं दोन भरते, गड्डी फिरवली की एकच. भांडणं इथंच लागतात.

किराणा, जालना
चिल्लर म्हणजे नाणी. सुट्टे किंवा मोड म्हटलं की त्यात नोटाही आल्या. बंदी नोट, म्हणजे मोड न केलेली अख्खी नोट, हातात आली की मोठ्यानं म्हणायचं, "पाचशेची बंदी हाय बरं का." मोड देऊन होईपर्यंत ती गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची.
दिवेलागणीला वीसची हिरवट पिवळी आणि दोनशेची पिवळी हमखास गफलत करतात. नोट उलटून बघा: वीसवर आपलं वेरूळ, दोनशेवर सांचीचा स्तूप. दोनशेची १७ मिलिमीटरनं लांबही असते.

रोखपाल, परभणी
बाजारात 'फाटकी' म्हणून नाकारलेली नोट बँकेत बदलून मिळते. वीसपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही. पन्नास आणि पुढच्या नोटेला ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असल्यास पूर्ण, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे. दुसऱ्या नोटेचा तुकडा चिकटवून आणू नका, ती नोट बाद होते.

जुनी कागदपत्रं वाचणारा, नांदेड
निजामी राज्याचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार असा दर. हालीच्या नोटाही होत्या. १९५९ साली हाली चलनातून गेली. जुन्या खरेदीखतात "७० हाली" दिसलं तर ते ६० कलदार धरा.

लग्नातली आहेराची वही, बीड
पेटी (लाख) आणि खोका (कोटी) मुंबईकडचे, इथं लाखाला लाखच. आहेराच्या पाकिटावर बहुधा रुपया आधीच चिकटवलेला असतो, आत शंभराची बंदी. वहीत १०१ लिहा. नुसती आतली नोट बघून १०० लिहिलं की परतफेडीच्या वेळी वही चुकते.