बाथरूमच्या जाळीतून वास आणि गुडगुड

ए-४०२: कॉमन बाथरूमच्या जाळीतून वास येतोय. फिनेल टाकलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की जाळीत गुडगुडतं. कुणी सांगेल का काय करायचं?

बी-१०३: ताई, फिनेलने वास फक्त झाकला जातो. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलीमीटर पाणी उभं राहायला हवं. गटाराची हवा तेवढ्या पाण्यानेच अडते. जाळी काढून टॉर्च मारा. पाणी दिसतंय?

ए-४०२: दिसतंय, पण अगदी तळाला. बाथरूम रोजच्या वापरातलं आहे.

बी-१०३: म्हणजे सुकलेलं नाही, ओढलं जातंय. फ्लशचं पाणी उभ्या पाईपमधून पडताना मागून हवा खेचतं. व्हेंट पाईपमधून, म्हणजे गच्चीवर उघडणाऱ्या हवेच्या पाईपमधून, ती मिळाली नाही, तर तुमच्या ट्रॅपमधून घेतं. गुडगुड त्या हवेचीच.

सी-२०१: काका, आधी केस काढायला सांगा. केसांचा पुंजका ट्रॅपच्या पलीकडच्या कडेवरून लोंबत असला तर वातीसारखा पाणी शोषून थेंब थेंब पलीकडे सोडतो. हातमोजे घालून आकड्याच्या तारेने ओढून काढा. ॲसिड नको, त्याने केस विरघळत नाहीत. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

बी-१०३: बरोबर. केस काढून दोन मग पाणी ओता आणि पातळीवर पेनने खूण करा. कुणी फ्लश न करताही रात्रभरात पातळी बरीच उतरली, तर केस राहिलेत किंवा ट्रॅपला तडा आहे. फ्लश झाल्या झाल्या उतरली, तर व्हेंटच.

डी-५०४: ट्रॅपमध्ये काढता येणारा कप असेल तर तो जागेवर आहे ना बघा. पाणी लवकर जावं म्हणून बरेच जण तो काढून टाकतात. अशा ट्रॅपमध्ये कप नसला की पाणी अडवायला काहीच उरत नाही, वास थेट वर. बेसिनचा पाईपही जमिनीतल्या पाईपमध्ये नुसता खुपसलेला असतो. भोवतीच्या फटीत रबरी कॉलर बसवा.

ए-४०२: कप आहे. केस निघाले, बरेच होते. पण आत्ता वर फ्लश झाला आणि पातळी खुणेच्या बोटभर खाली गेली.

बी-१०३: मग गच्चीवर जावं लागेल. व्हेंटच्या तोंडाशी घरटं, पालापाचोळा अडकतो, नाहीतर कुणीतरी तिथे साधं बंद झाकण ठोकलेलं असतं. तिथे जाळीदार काऊलच हवा, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी.

सी-२०१: ०२ लाइनमधल्या, म्हणजे ए-४०२ च्या वरच्या-खालच्या फ्लॅटमधल्या सगळ्यांनी आपापल्या जाळीत बघून इथे लिहा. पातळी खाली न जाता पाणी वर येत असेल तर खालची लाइन तुंबलीय, तेव्हा आधी खालचं ड्रेनेजचं चेंबर उघडायचं. मात्र बाहेरूनच रॉड मारायचा. आत कुणालाही उतरवू नका, गटारातल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

ए-३०२: आमच्याकडेही फ्लशनंतर गुडगुडतं, पाणी वर येत नाही.

बी-१०३: मग व्हेंटच. सेक्रेटरी साहेब, उद्या सकाळी प्लंबरला गच्चीची चावी द्या.